संदेशाच्या माथ्यावरील नाव कोणाचे?

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील महागणपतीचे रांजणगाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तथापि पाकिटावर नुसते ‘रांजणगाव’ एवढेच लिहिले, तर पत्र नेमके याच गावी येईल अशी खात्री देता येणार नाही. याच शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी रांजणगाव सांडस आहे, शेजारच्या पारनेर तालुक्यात रांजणगाव मशीद आहे आणि तिकडे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीलगत रांजणगाव शेणपुंजी आहे. म्हणून लोकव्यवहाराने प्रत्येक रांजणगावाच्या मागे एकेक शब्द जोडला आणि घोटाळा मिटविला. नाव पुरते असावे आणि ते कोणाचे हे ऐकणाऱ्यास चटकन कळावे, इतकी साधी ही व्यवहारनीती आहे. गावांच्या बाबतीत जी आपण केव्हाच पाळली, ती आपल्या खिशातील दूरध्वनीवर रोज येणाऱ्या संदेशांच्या बाबतीत मात्र अद्याप पुरती पाळली जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

रांजणगाव, कारेगाव, ढोकसांगवी या पट्ट्यात गेल्या काही दशकांत मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. देशी-विदेशी बड्या कारखान्यांच्या आश्रयाने पतसंस्था, खासगी शिकवण्या, दवाखाने, खानावळी, मालवाहतूकदार आणि सुटे भाग बनविणाऱ्या लहान कार्यशाळा वाढल्या. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर केंद्र सरकारने येथील तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादन समूहास मंजुरी दिल्याचे जाहीर केले. अशा या गावातील एखाद्या पतसंस्थेने आपल्या सभासदांना कर्जाच्या हप्त्याची आठवण करून देणारा दोन ओळींचा संदेश रीतसर पाठवावयाचे ठरविले, तर तिला कोणत्या वाटेने जावे लागते हे पाहण्यासारखे आहे.

नियम कसा जन्मास आला

प्रथम नियमाचे मूळ पाहू. नको असलेल्या जाहिरातींचा त्रास असह्य झाल्यावर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ‘ट्राय’ने, २००७ मध्ये नकार नोंदविणाऱ्या ग्राहकांची राष्ट्रीय नोंदवही सुरू करण्याचे विनियम केले. तेवढ्याने भागेना, तेव्हा २०१० चे नवे विनियम आले. त्यांच्या अंमलबजावणीत सप्टेंबर २०११ पासून एका क्रमांकावरून दिवसाला शंभरच संदेश पाठविता येतील असे बंधन पडले आणि त्याच वर्षी ती मर्यादा दोनशेवर नेण्यात आली. व्यापारी मंडळींनी एकाच्या जागी दहा सिमकार्डे घेतली आणि बंधनाचा बराचसा अर्थ संपला. अखेर १९ जुलै २०१८ रोजी आज लागू असलेले विनियम प्रसिद्ध झाले. त्यांचे सूत्र असे की, संदेश किती गेले हे मोजत बसण्यापेक्षा तो कोणी पाठविला, कोणत्या मजकुराचा पाठविला आणि घेणाऱ्याची त्यास संमती होती काय, याची नोंद असावी. ही नोंद कोणा एकाच कंपनीच्या हाती राहू नये, म्हणून सर्व दूरध्वनी कंपन्यांत विभागलेली एक सामाईक खातेवही उभारण्यात आली. बाजारात ती ‘डीएलटी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते.

या व्यवस्थेत व्यवसायाचा नेहमीचा दहा आकडी क्रमांक असे ठोक संदेश पाठविण्यास चालत नाही. संस्थेने प्रथम एखाद्या दूरध्वनी कंपनीच्या मंचावर स्वतःची नोंद करावयाची, प्राप्तिकराचा पॅन, नोंदणीचे दाखले आणि अधिकारपत्र जोडावयाचे, आणि एकोणीस आकडी ओळख क्रमांक मिळवावयाचा. मग संदेशाच्या माथ्यावर दिसणारे सहा अक्षरांचे नाव, ज्याला व्यवहारात ‘हेडर’ म्हणतात, मंजूर करून घ्यावयाचे. त्यानंतर प्रत्येक प्रकारच्या मजकुराचा साचा दाखल करावयाचा. त्यात नाव, रक्कम, तारीख अशा बदलत्या जागा मोकळ्या ठेवावयाच्या. साचाही मंजूर झाला की त्याला निराळा क्रमांक मिळतो. पाठविलेला मजकूर साच्याशी जुळला नाही, तर संदेश वाटेतच अडविला जातो.

या रचनेत मूलतः काहीही चूक नाही, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. वाण्याच्या तराजूला आणि वजनांना सरकारी शिक्का असावा लागतो, तो काही वाण्यावर अविश्वास म्हणून नव्हे. गिऱ्हाइकाला प्रत्येक वेळी स्वतः वजन तपासता येत नाही, म्हणून असतो. संदेशाच्या माथ्यावरील नावाचे तसेच आहे. निवृत्त शिक्षकाच्या दूरध्वनीवर ‘आपले खाते आज बंद होत आहे’ असा मजकूर आला, तर तो बँकेचा की चोराचा हे त्याने मजकुरावरून ओळखावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. ते नावावरून ओळखता आले पाहिजे. २०२१ च्या अखेरीस सिंगापुरात एका मोठ्या बँकेच्या नावाने खोटे संदेश गेले, आणि ते ग्राहकांना बँकेच्या खऱ्या संदेशांच्याच मालिकेत दिसले. सुमारे ७९० ग्राहकांचे मिळून १ कोटी ३७ लाख सिंगापुरी डॉलर गेले. त्यानंतर त्या देशाने ३१ जानेवारी २०२३ पासून पाठविणाऱ्याच्या नावाची नोंदणी सक्तीची केली. आपला नियम त्याहून जुना आहे. त्याचे श्रेय आपल्या नियामकास द्यावयास हवे.

बडे सुटले, लहान अडकले

परंतु नियम चांगला असणे आणि तो चांगल्या रीतीने पोहोचणे यांत अंतर असते, आणि ते अंतर ८ मार्च २०२१ रोजी देशाला दिसून आले. त्याआधीच्या महिन्यात, पेटीएम चालविणाऱ्या कंपनीच्या याचिकेवर, विनियमांची काटेकोर अंमलबजावणी करण्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने बजावले होते. त्यानुसार त्या दिवशी साचा न जुळणारे संदेश अडविणे सुरू झाले. परिणामी बँकांचे एकवेळचे सांकेतिक अंक ग्राहकांपर्यंत पोहोचेनात, खरेदीचे व्यवहार खोळंबले आणि नुकत्याच सुरू झालेल्या कोविड लसीकरणाच्या नोंदणीलाही त्याची झळ लागली. प्राधिकरणाने ही छाननी सात दिवस स्थगित केली. महिनाअखेर चाळीस मोठ्या कसूरदार संस्थांची यादी त्याने प्रसिद्ध केली. तीत स्टेट बँक, एचडीएफसी आणि आयसीआयसीआय अशी नावे होती. म्हणजे ज्यांच्यापाशी वकील, अभियंते आणि स्वतंत्र संगणक विभाग होते, त्यांनी अडीच वर्षांत हे काम पुरे केले नव्हते. त्यांच्यासाठी मात्र घड्याळ थांबविण्यात आले.

लहान संस्थेसाठी घड्याळ कोण थांबविणार? तिच्या कार्यालयात बहुधा एकच कारकून असतो. तोच रोजकीर्द लिहितो, तोच सभेची टिपणी तयार करतो, तोच लेखापरीक्षकाला सामोरा जातो. नोंदणीचे मंच प्रामुख्याने इंग्रजीत आहेत. काही कंपन्यांनी या नोंदणीसाठी करासह ५,९०० रुपये शुल्क आकारले आहे. देशभर रोज कोट्यवधी संदेश पाठविणाऱ्या बँकेला ही रक्कम हिशेबातही दिसणार नाही. महिन्याला चार-पाचशे संदेश पाठविणाऱ्या शाळेला वा पतसंस्थेला ती संदेशांच्या वर्षभराच्या खर्चाहून अधिक वाटेल. साचा नामंजूर झाला, तर त्याचे कारण दोन-तीन इंग्रजी शब्दांत कळते, आणि कारकुनाने पुढे काय करावे हे त्यातून उमगत नाही.

अशा वेळी माणूस जे करतो तेच घडते. कोणीतरी मध्यस्थ भेटतो आणि म्हणतो, ‘तुम्ही कशाला त्रास घेता? आमच्याकडे मंजूर हेडर आहे, त्यावरूनच पाठवू.’ पैसे थोडे, काम तत्काळ. फरक एवढाच की पालकाच्या दूरध्वनीवर शाळेची सूचना कोणा परक्या नावाने येते. तो ती न वाचताच पुसून टाकतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे परक्या नावाच्या संदेशांवर विश्वास ठेवावयास शिकतो. हा दुसरा परिणाम अधिक घातक आहे, कारण पुढचा परका संदेश ठकाचा असतो. ही भीती काल्पनिक नाही. काही विक्रेते दुसऱ्यांच्या नावांचा आणि साच्यांचा गैरवापर करीत असल्याचे आढळल्यावरूनच प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्व हेडर व साचे पुन्हा तपासण्याचे आदेश दिले होते, आणि डिसेंबर २०२४ पासून संदेश मूळ पाठविणाऱ्यापासून ग्राहकापर्यंत कोणकोणाच्या हातांतून गेला त्याची साखळी नोंदविणे बंधनकारक झाले.

दुसरी वाट म्हणजे आपल्या साध्या क्रमांकावरूनच संदेश किंवा जाहिरातीचे दूरध्वनी सुरू ठेवणे. ती वाटही आता निर्धोक राहिलेली नाही. १२ फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनुसार नोंदणी नसलेल्या क्रमांकाविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाई सुरू होऊ शकते. पहिल्या खेपेस बाहेर जाणारी सेवा पंधरा दिवस बंद, आणि पुन्हा तेच घडल्यास वर्षभरासाठी सर्व जोडण्या तोडणे, अशी तरतूद आहे. ठकाला याचे भय नाही. त्याचे सिमकार्ड दुसऱ्याच्या नावावर असते आणि उद्या तो नवे घेतो. नव्या तुकडीची जाहिरात करणाऱ्या शिकवणीचालकाचा क्रमांक मात्र गावातील प्रत्येक पालकाच्या वहीत लिहिलेला असतो. शिक्षेचा भार असा प्रामाणिक पण अजाण माणसावर अधिक पडावा, हे नियमाच्या हेतूशी विसंगत आहे.

मराठीची दुप्पट किंमत

या प्रश्नाला एक भाषिक बाजू आहे आणि तिची चर्चा आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. संदेशाच्या एका एककात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात. देवनागरीत मजकूर लिहिला की ती मर्यादा ७० वर येते, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास संकेतप्रणालीत अधिक जागा लागते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. आपण ‘रांजणगाव’ हे पाच अक्षरांचे नाव म्हणून उच्चारतो, यंत्र त्यात आठ चिन्हे मोजते. ‘आपला कर्जहप्ता दिनांक १० रोजी भरावयाचा आहे. कृपया मुदतीत भरणा करावा.’ या साध्या मजकुराला मोकळ्या जागांसह ६८ चिन्हे लागतात. संस्थेचे नाव लिहावयास दोन जागा उरतात! नाव जोडले की संदेश दोन तुकड्यांचा होतो आणि दामही दोन संदेशांचे पडतात. हाच मजकूर इंग्रजीत एका संदेशात नावासह आरामात बसतो.

याचा परिणाम उघड आहे. काटकसरी कारकून इंग्रजीत साचा करतो, किंवा रोमन लिपीत मराठी लिहितो, आणि ज्या सभासदासाठी तो संदेश आहे त्याला तो मुलाकडून वाचून घ्यावा लागतो. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून आपण कायदा केला. २०२२ मध्ये तो लहान दुकानांनाही लागू केला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत देऊन त्या आग्रहावर शिक्कामोर्तब केले. पण आजच्या व्यवहारात गिऱ्हाइकाला प्रथम दिसणारी पाटी दूरध्वनीच्या पडद्यावर असते, आणि ती सहा रोमन अक्षरांची आहे. त्या सहा अक्षरांत रांजणगाव गणपती येथील संस्था कोणती आणि रांजणगाव सांडसची कोणती, हे सांगण्याची सोय नाही. लोकांनी गावाच्या नावाला जोडलेला जो दुसरा शब्द घोटाळा टाळीत होता, तो येथे जागेअभावी गळून पडतो.

आक्षेप आणि उत्तरे

या सर्वाला एक सहज आक्षेप घेतला जाईल: ‘आता सर्व जण व्हॉट्सॲपवर आहेत, जुन्या संदेशांची एवढी चिंता कशाला?’ हे युक्तिवादाचे सुलभीकरण आहे. साधा संदेश बटणांच्या स्वस्त दूरध्वनीवरही पोहोचतो, त्याला इंटरनेट लागत नाही, आणि खात्यातून पैसे गेल्याची सूचना आजही तोच आणतो. शिवाय त्या खासगी माध्यमास डीएलटीची ही नोंदव्यवस्था लागू नाही. नोंदणीला कंटाळून लहान संस्था तिकडे वळल्या, तर तपासलेल्या नावाचा जो थोडाफार आधार नागरिकाला मिळू लागला आहे तोही त्यांच्या बाबतीत उरणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नोंदणी सोपी केली तर ठकांनाही ती सोपी होईल, असे म्हटले जाते. परंतु सोपेपणा आणि ढिलाई या दोन भिन्न गोष्टी आहेत. पतसंस्थेची नोंद सहकार खात्याच्या दप्तरी आधीच आहे आणि तालुक्याचा सहायक निबंधक तिला ओळखतो. शाळेला अकरा आकडी यू-डायस क्रमांक आहे. लहान कार्यशाळेला उद्यम नोंदणी आहे. ती १ जुलै २०२० पासून विनाशुल्क आणि कागदपत्रांवाचून होते. सरकारनेच पारखलेल्या या ओळखी ग्राह्य धरल्या, तर छाननी अधिक पक्की होईल आणि कारकुनाचे पायही वाचतील. दूरच्या शहरात बसून अपरिचित संस्थेची कागदपत्रे पडद्यावर पाहणाऱ्या परीक्षकापेक्षा, त्या संस्थेच्या दारावरून रोज जाणाऱ्या तालुक्याच्या यंत्रणेला खरे-खोटे लवकर कळते.

तेव्हा करावयाचे काय? यू-डायस क्रमांक असलेल्या शाळा, ग्रामपंचायती, लहान सहकारी संस्था आणि उद्यम नोंदणीतील सूक्ष्म व्यवसाय यांना ही नोंदणी विनाशुल्क असावी. नोंदणीचे अर्ज आणि नामंजुरीची कारणे मराठीत मिळावीत, आणि गावोगावच्या ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांतून हे काम व्हावे. हप्ता, परीक्षा, सुट्टी, पालकसभा, लसीकरण, पाणीपुरवठा अशा नित्याच्या सूचनांचे तयार मराठी साचे प्राधिकरणानेच प्रसिद्ध करावेत; म्हणजे संस्थेने केवळ आपले नाव घालून ते वापरावेत. देवनागरीतील संदेशाचा दर मजकुराच्या मानाने इंग्रजीइतकाच असावा. भाषेमुळे दुप्पट आकारणी हा नागरिकाने सोसावयाचा तांत्रिक योगायोग मानला जाऊ नये. आणि साचा न जुळल्याने संदेश अडविला गेला, तर पाठविणाऱ्यास त्याच दिवशी कारणासह कळावे. सिंगापूरने सुरुवातीला नोंद नसलेला संदेश मुकाट्याने गिळून टाकण्याऐवजी त्याच्या माथ्यावर ‘बहुधा फसवणूक’ असा शिक्का मारून तो पुढे धाडला. पाठविणारा आणि घेणारा दोघेही त्यामुळे सावध झाले.

जबाबदारी सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. मे २०२५ पासून संदेशाच्या नावामागे एक अक्षर येऊ लागले आहे: जाहिरातीसाठी ‘पी’, सेवेसाठी ‘एस’, व्यवहारासाठी ‘टी’ आणि सरकारी संदेशासाठी ‘जी’. कोणते हेडर कोणाच्या नावे नोंदलेले आहे, हे पाहण्याची सोयही प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आहे. नको असलेल्या जाहिरातीची तक्रार १९०९ या क्रमांकावर करता येते, आणि ती करण्याची मुदत आता सात दिवसांची आहे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० हा क्रमांक आहे. एवढी माहिती शिक्षकांनी वर्गात दहा मिनिटांत सांगण्याजोगी आहे, आणि विद्यार्थ्यांनी ती घरी आजी-आजोबांना समजावून देण्याजोगी आहे. प्रवेशाचा, परीक्षेचा वा शिष्यवृत्तीचा संदेश ज्यांच्या भवितव्याशी निगडित असतो, त्या विद्यार्थ्यांना तर ती प्रथम हवी.

कचेरीतील आणि शाळेतील कारकुनांनाही एक सांगणे आहे. मध्यस्थाच्या उसन्या नावावर आपल्या संस्थेचा संदेश धाडणे म्हणजे कार्यालयाचा गोल शिक्का रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडून उसना आणण्यासारखे आहे. शिक्का कुलुपात ठेवण्याची जी शिस्त आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळली, तीच या नावाच्या बाबतीत पाळावी. व्यवस्थापक मंडळाच्या पुढील सभेत हा विषय ठेवावा, आपल्या नावाने कोणते हेडर चालू आहे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद इतिवृत्तात करावी.

नोंदणी हा कर नाही आणि परवानाही नाही. ती संदेशावरील सही आहे. सही करण्याचा हक्क ज्याला परवडतो त्यालाच मिळावा, आणि बाकीच्यांनी निनावी किंवा परनावी राहावे, ही स्थिती नियामकाला भूषणावह नाही. बड्या बँकांसाठी २०२१ मध्ये जे घड्याळ सात दिवस थांबले, ते रांजणगावच्या पतसंस्थेसाठी थांबवावे अशी कोणाची मागणी नाही. तिला तिच्या भाषेत, तिच्या तालुक्यात आणि तिला झेपेल अशा खर्चात आपले नाव नोंदविता यावे, एवढेच मागणे आहे. ते पुरविले गेले नाही, तर नियम कागदावर कडक होत जाईल, आणि हप्त्याचा संदेश आपल्या संस्थेचा की ठकाचा, हे सभासद पूर्वीप्रमाणेच शेजाऱ्याला विचारीत राहील.